मंत्र्याच्या शब्दाला धनी कोण?

खासगीकरण झाले नाही तर एअर इंडिया बंद करावी लागेल, असे मंत्री हरदीपसिंग पुरी नोव्हेंबर 2019 मध्ये राज्यसभेत म्हणाले. मालकच दुकानाला टाळे लागणार म्हणून दवंडी पिटू लागला, तर गिऱ्हाईक भाव वाढवून देईल का? 2021 मध्ये टाटांची 18,000 कोटींची बोली मान्य झाली. त्यात रोख फक्त 2,700 कोटी, बाकी कर्जाचा भार. कंपनी तोट्यात होती, हे आम्ही नाकारत नाही. पण कलम 16(4) खासगी मालकाला लागू नाही; विक्रीबरोबर तिथले आरक्षणही गेले. त्याचा जाब कोणाला विचारायचा?

सभागृहातल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला निदान आश्वासन समिती आहे. बाहेर पत्रकारांपुढे केलेल्या विधानाला तेवढीही चाळणी नाही. कलम 75(3) मंत्रिमंडळाला लोकसभेपुढे सामूहिकरीत्या जबाबदार धरते. तरीही जानेवारी 2023 मध्ये, कौशल किशोर खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरवले की एका मंत्र्याचे विधान सरकारचे मानता येणार नाही. म्हणजे कंपनी बुडीत ठरवायला मंत्री, आणि शब्द कुणाचाच नाही!

सरकारी कंपनीविषयी असे बोलणाऱ्या मंत्र्याने आठ दिवसांत आकडे सभागृहाच्या पटलावर ठेवावेत, राखीव पदांचे काय होणार तेही त्यात लिहावे, अशी आमची मागणी आहे.