मशीन मिळाले, फोनचे काय?

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत आम्ही हे वारंवार पाहतो. फोन वाजला की आजी कानातले मशीन काढून बाजूला ठेवते आणि मगच फोन कानाला लावते. पलीकडे सुरतेला कामाला गेलेला मुलगा बोलत असतो. आजीला अर्धे ऐकू येते, उरलेल्याला ती नुसते "हां, हां" म्हणते. मशीन का काढले, असे विचारले तर म्हणते, "फोन कानले लावा का मशीन शिट्टी मारस."

शिबिरात मशीन वाटताना फोटो निघतात. पण मशीन लावून एक तरी फोन करून पाहा, असे तिला कोणी सांगितलेले नसते.

शिट्टीवर उपाय आहे. मशीनमधून गळणारा आवाज फोनवर आपटून पुन्हा मशीनच्या माइकमध्ये शिरतो, म्हणून ते किंचाळते. कानामागचे मशीन असेल तर फोन कानाच्या भोकावर न धरता थोडा वर, माइकजवळ, किंचित अंतर ठेवून धरावा. घरघर मात्र अशी जात नाही. टू-जीवर चालणारा बटणाचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा रेडिओ लहरींचे झटके सोडतो आणि मशीन ते पकडते. काही मशीनमध्ये टेलिकॉइल असते. ती माइकला वगळून फोनमधला आवाज चुंबकीय मार्गाने घेते. पण त्यासाठी फोनही तसा बनवलेला असावा लागतो. म्हणजे दोष आजीच्या कानात नाही, वस्तू बनवणाऱ्याच्या हिशेबात आहे. त्या हिशेबात आजी धरलेलीच नाही.

अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने टेलिफोन श्रवणयंत्राशी जुळणारे हवेत असे ठरवले, पण मोबाइलला सूट दिली. ती सूट २००३ मध्ये मर्यादित झाली, आणि पुढे सगळेच नवे मोबाइल जुळणारे हवेत असा नियम २०२४ मध्ये झाला. आपल्याकडे कायदा नाही असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ४२ वाचा. रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत म्हणून सरकारने पावले उचलायची आहेत. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे किमान नियम बंधनकारकच हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

मग हा प्रश्न आपल्या चळवळीच्या निवेदनांत का नसतो? जिनिंगच्या आणि यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेले कान कोणाचे आहेत? गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. तरी आपल्या घरात त्याला "म्हातारपण" म्हणतात. (आणि जयंतीच्या डीजेपुढे तासन् तास उभ्या राहणाऱ्या पोरांनो, हा हिशेब तुम्हालाही लागू आहे. राग आला तरी चालेल.)

काहींना वाटते, हा दवाखान्याचा विषय आहे, जातीचा नाही. आम्हाला ते पटत नाही. ब्लूटूथने थेट फोनला जोडणारी महागडी मशीन बाजारात आहेत, ज्याच्याकडे पैसा आहे तो घेतो. शिबिराच्या रांगेत उभे राहणाऱ्याला मिळते ते दान समजून गप्प बसायचे, ही सवय आपल्याला कोणी लावली?

येत्या ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या आठवणीसाठी लोक जमतील. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी एक टेबल आम्ही लावणार आहोत. मशीन आणि फोन दोन्ही घेऊन या. लावून, बोलून पाहू आणि काय जुळते, काय जुळत नाही ते मॉडेलसह लिहून घेऊ. तीच यादी निवेदनाला जोडून दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची आहे.