फुप्फुस आमचे, फाईल कोणाची?



गेल्या हिवाळ्यात फेडरेशनच्या कामासाठी आम्ही बेंगळुरूला गेलो होतो. बैठक आटोपल्यावर यशवंतपूरला तात्यांना भेटून आलो. तात्या आमच्याच भागातले जुने ट्रॅकमन. तेहतीस वर्षे खडी उपसली, स्लीपर बदलले, उन्हात आणि धुळीत नोकरी काढली. रिटायर झाल्यावर मुलाकडे राहायला गेले. बेंगळुरू म्हणजे थंड हवेचे, पेन्शनरांचे गाव, तिथे दम लागणार नाही, असे मुलाला वाटले. आज त्या गावच्या रस्त्यावर काय हवा आहे ते तिथल्या आमच्या पोस्टमन बांधवांना विचारा.

तात्यांना दोन जिने चढवत नाहीत. बोलताना वाक्याच्या मध्ये थांबावे लागते. डॉक्टर या आजाराला सी.ओ.पी.डी. म्हणतात. आपल्याकडे सरसकट ‘दमा’ म्हणायची पद्धत आहे, पण दमा वेगळा. दम्यात आवळलेली श्वासनळी औषधाने बरीचशी मोकळी होते. या आजारात ती पूर्वीसारखी कधीच मोकळी होत नाही आणि दरवर्षी थोडी थोडी अधिक आखडत जाते.

तात्यांनी सांगितलेली हकिकत अशी. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना सांगण्यात आले की गंभीर आजाराच्या पेशंटवर नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, औषध फुकट मिळेल, तपासण्याही फुकट होतील. तात्या गेले. नळीत फुंकायला लावले, रक्त काढले, छातीचा फोटो काढला. इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यावर सही घेतली. आठ दिवसांनी बोलावून सांगितले, तुम्ही बसत नाही. का? तर तुम्ही कधी विडी-सिगारेट ओढलेली नाही!

तात्या माळकरी. वयाच्या अठराव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, तंबाखूला हात लावला नाही. आम्हाला म्हणाले, “सेक्रेटरी, माळ घातली नसती तर औषध मिळालं असतं बघा.” आणि हसले. हसताना खोकल्याची उबळ आली ती दहा मिनिटे थांबेना.

त्यांच्या तपासणीचे कागद मागितले तर ते अभ्यासाचे आहेत, देता येत नाहीत, असे उत्तर मिळाले. फुंकर तात्यांची, रक्त तात्यांचे, आणि फाईल मात्र दुसऱ्याची!

त्या दवाखान्याचे नाव आम्ही इथे घेत नाही, कारण भांडण एका दवाखान्याशी नाही. ही अट जगभरची आहे. या आजाराच्या औषधांचे जे मोठे अभ्यास झाले, त्यांतला ‘टॉर्च’ २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सहा हजारांवर पेशंट होते. ‘अपलिफ्ट’ २००८ चा, त्यातही जवळजवळ तेवढेच. दोन्हीत प्रवेशाची अट एकच, किमान दहा ‘पॅक-वर्षे’ धूम्रपान. म्हणजे रोज वीस सिगारेटचे एक पाकीट, अशी दहा वर्षे. पुढे डुपिलुमॅब नावाचे इंजेक्शन निघाले, त्याला २०२४ साली अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली. ज्या अभ्यासांवर ती मान्यता उभी आहे, त्यांतल्या ‘बोरिआस’मध्येही तीच दहा पॅक-वर्षे.

शास्त्रज्ञांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही एकांगी ठरू. ते म्हणतात, दम्याचे पेशंट यात मिसळू नयेत, सगळे एका जातीचे पेशंट असावेत, म्हणजे औषधाचा गुण स्वच्छ दिसतो. मुद्दा खरा आहे. युरोप-अमेरिकेत हा आजार मुख्यतः सिगारेटचा, तेव्हा तिथे ही चाळणी चालून जाते. पण इथे? २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये भारताचा हिशेब प्रसिद्ध झाला. १९९० साली देशात या आजाराचे २ कोटी ८१ लाख रोगी होते, २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले. या आजाराच्या बोज्यापैकी ५३.७ टक्के प्रदूषित हवेमुळे, चुलीचा धूर त्यातच आला. २५.४ टक्के तंबाखूमुळे. आणि १६.५ टक्के कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुरामुळे. हे आकडे एकमेकांत थोडे मिसळतात, एकाच माणसाच्या छातीत चूलही असते आणि खडीही. तरी मतलब स्वच्छ आहे. या देशातला मोठा रोगी सिगारेटवाला नाही. चुलीपुढची बाई, खडी फोडणारा, डिझेल शेडमधला फिटर, आर.एम.एस.च्या हॉलमध्ये पोती झटकणारा सॉर्टर, हा तो रोगी आहे. आणि औषध तपासताना नेमक्या त्यालाच दारातून परत पाठवतात. नंतर तेच औषध त्याच्याच चिठ्ठीवर लिहितात! त्याच्यावर ते किती चालते हे कोणी पाहिले?

आमच्यापैकी काही तरुण साथी म्हणतात, बरेच झाले तात्या बसले नाहीत, कंपन्या आपल्याला गिनीपिग करतात. त्यांचा राग आम्ही समजू शकतो. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली, तेव्हा सरकारलाच सांगावे लागले की २००५ ते २०१२ या काळात औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे मेली, आणि त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले. बाकीचे आजाराने गेले असे म्हणतात. ते ठरवले कोणी, हा प्रश्न आमचाही आहे.

तरीही ‘संशोधन नको’ ही घोषणा आम्ही देणार नाही, आणि त्याचे कारण बेंगळुरूच आहे. याच शहरात १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात क्षयाच्या रोग्यांची विचारपूस केली. तोवर साहेबलोकांचे मत असे की खेडवळ माणूस अडाणी, त्याला आजार कळत नाही, तो दवाखान्यात येत नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात निघाले उलटेच! निम्म्याहून अधिक रोगी आपल्या पायाने सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते आणि बहुतेकांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले होते. दोष रोग्याचा नव्हता, दवाखान्याचा होता. तिकडे मद्रासला त्याआधीच, १९५९ साली, सिद्ध झाले होते की क्षयाचा रोगी घरी राहून गोळ्या घेऊनही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. या सगळ्यातून १९६२ चा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. औषध फुकट आणि जवळच्या दवाखान्यात. आपल्या किती घरांतली माणसे त्यामुळे जगली! तेव्हा संशोधन कोणासाठी, याचे उत्तर शोधायला परदेशी जायला नको, यशवंतपूरहून सिटी बसने जाता येईल इतके ते जवळ आहे.

आणि दुसरे उत्तरही तिथून लांब नाही. बंगारपेटहून मारिकुप्पमला आपली गाडी जाते, कोलारच्या सोन्याच्या खाणीकडे. त्या खाणीत १९४० च्या दशकात कामगारांच्या छातीची पाहणी झाली आणि शंभरात चाळीसहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला. पाहणी झाली, आकडे छापले गेले, आजही पुस्तकांत सांगतात. खाण २००१ साली बंद झाली. सोने गेले, राहिली धूळ. नुसती मोजणी म्हणजे इलाज नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

आता पैशाचे पाहू, कारण युनियनचा माणूस शेवटी तिथेच येतो. औषधांच्या चाचण्यांचे नवे नियम २०१९ साली आले. चाचणीमुळे माणूस मेला तर भरपाई द्यावी लागते, हे चांगलेच झाले. पण ती कशी काढतात पाहा. मूळ रक्कम आठ लाख. तिला वयाच्या एका आकड्याने गुणायचे, मग जोखमीच्या आकड्याने, आणि ९९.३७ ने भागायचे. वयाचा आकडा आपल्या ओळखीचा निघाला, तो कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कोष्टकातून उचललेला! पासष्ट ओलांडली की तो ९९.३७, म्हणजे वरचे आणि खालचे कटून आठ लाखच उरतात. पुढे जोखीम. धडधाकट माणसाला ४ ने गुणायचे, अत्यवस्थ माणसाला अर्ध्याने. म्हणजे पासष्टीचा धट्टाकट्टा ३२ लाखांचा, आणि त्याच वयाचा, सहा महिने जगेल न जगेल असा, ४ लाखांचा. आजार जितका गंभीर तितका माणूस स्वस्त! गंभीर आजाराच्या अभ्यासात गंभीरच माणसे घेणार, हे कंपनीलाही कळते आणि कोष्टक करणाऱ्यालाही कळत होते. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, गणितात कधी चमकलो नाही, पण हा गुणाकार आम्हाला तीनदा करून पाहावा लागला, तेव्हा विश्वास बसला.

कामाच्या जागीही तोच न्याय. आजार कामामुळे झाला असे ठरवणाऱ्या यादीत सिलिकोसिस आहे, ॲस्बेस्टोसिस आहे, कापसाच्या धुळीचा आजार आहे. तात्यांच्या सी.ओ.पी.डी.चे नाव त्यात नाही. १९२३ च्या कायद्यात नव्हते, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही घातले नाही. का नाही? तर पुरावा पाहिजे. पुरावा कुठून येणार? संशोधनातून. आणि संशोधनात घ्यायचे कोणाला? सिगारेट ओढणाऱ्याला. ही चक्की आमच्या बिनविडीच्या ट्रॅकमनला दोन्ही दगडांत भरडते.

सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितले की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतला काळ जो नंतर संपेल तोवर, जपून ठेवा. तो हुकूम ॲस्बेस्टॉसपुरता. आम्ही विचारतो, खडीच्या धुळीला तो का नको? तपासायला फुंकायचे एक यंत्र लागते, नाव स्पायरोमीटर. एका माणसाला अर्धा तास पुरतो. भरतीच्या वेळी एकदा आणि मग दर दोन वर्षांनी फुंकर नोंदवली असती, तर तात्यांच्या छातीची तेहतीस वर्षांची लेखी साक्ष आज हातात असती. आपली नजर तपासतात, कान तपासतात, कारण त्यात गाडीची सुरक्षा आहे. श्वासात फक्त कामगाराची सुरक्षा आहे!

म्हणून येत्या पी.एन.एम.मध्ये आमच्या डिव्हिजनतर्फे हा विषय आम्ही मांडत आहोत. ट्रॅक, शेड आणि वर्कशॉपमधल्या प्रत्येकाची फुंकर-तपासणी व्हावी, तिची नक्कल कामगाराच्या हाती द्यावी, आणि रिटायर झाल्यावरही ती चालू राहावी. पोस्टातल्या साथींनी आर.एम.एस.साठी जे.सी.एम.मध्ये हाच विषय घ्यावा, आमची टिपणे देऊ. आणि ज्या दवाखान्यांना आमच्या पेन्शनरांवर अभ्यास करायचा असेल त्यांना आमचे सांगणे असे: या, पण धूम्रपान न करणाऱ्यांनाही घ्या. नियमाप्रमाणे नैतिक समितीत एक सामान्य नागरिक असावा लागतो, निम्मे सभासद संस्थेबाहेरचे असावे लागतात. ती खुर्ची एखाद्या रिटायर्ड गार्डला किंवा सॉर्टरला का मिळू नये?

सभासदांनीही एवढे करावे. अभ्यासाचे विचारले तर घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. माहितीचा कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागावा, तो आपला हक्क आहे. सही केलेल्या संमतिपत्राची प्रत घरी आणावी. अभ्यास सरकारी नोंदवहीत, म्हणजे सी.टी.आर.आय.मध्ये, नोंदवला आहे का, नंबर काय, विचारावे. अभ्यास संपल्यावर औषध पुढे कोण देणार हे लेखी घ्यावे, आपण दिलेल्या तपासणीचे निकाल मागावेत. सही करण्याआधी शाखेत कागद दाखवावा.

ज्यांना दम लागतो अशा सभासदांची आणि पेन्शनरांची यादी शाखा सचिवांनी महिनाअखेर आमच्याकडे पाठवावी. नाव, हुद्दा, धुळीत किती वर्षे काढली, घरात चूल होती का, पूर्वी क्षय झाला होता का, आणि विडी ओढत होते की नाही, एवढेच लिहावे. तात्यांचा तक्ता त्यांच्या नातवाने भरून पाठवला आहे. शेवटच्या रकान्यात त्याने ‘नाही’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत.