डोंगर आपला, वाटही आपणच काढू

पुण्यात, साताऱ्यात, नाशकात कुठल्याही शाळेच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा. बऱ्याच सायकलींचे टायर जाड, खोल नक्षीचे, पुढे शॉकअप, दांडीवर ठळक अक्षरांत 'एमटीबी'. नावाने डोंगरी, आणि सगळी धाव घर ते क्लास, क्लास ते डेअरी. घरामागे सह्याद्री उभा आणि सायकल जन्मभर डांबरावर! गाडीच्या काचेवर 'मावळा' लिहिणाऱ्या आपल्या पिढीला मावळातली एक धड पायवाट सांगता येत नाही, याची थोडी लाज वाटायला हरकत नाही.

मावळ-मुळशीतल्या, भोर-वेल्ह्यातल्या, जावळीतल्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी आहे. बाराही मावळांत डोंगरसायकलीच्या वाटा हव्यात. दहा वर्षांच्या नवख्या मुलीपासून कसलेल्या गड्यापर्यंत प्रत्येकाला पेलतील अशा, गावाने आखलेल्या आणि गावानेच राखलेल्या. त्या कुठल्या कंपनीने येऊन करून देण्याची वाट पाहू नका.

हे श्रीमंतांचं खूळ आहे म्हणणाऱ्यांना या खेळाच्या जन्माची गोष्ट सांगा. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, माउंट तमालपाइसच्या परिसरातली काही पोरं भंगारातून जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलत आणि वणवा विझवण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून त्या खाली सुसाट सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तिथल्या एका उतारावर शर्यत लावली. पॅडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडा आणि ग्रीस पुन्हा भरा. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रिपॅक'. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकलीचा सांगाडा घडवला. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळात पदकं दिली गेली. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षं लागली. त्या पोरांकडे असं काय होतं, जे आपल्याकडे नाही? वणव्याचे रस्ते म्हणाल, तर आपल्या वनखात्याच्या जाळरेषा आहेतच की.

बाकीचा देश थांबलेला नाही. हिमाचलात २००५ पासून डोंगरसायकलीची मोठी शर्यत होते. केरळने २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या पोनमुडीत आशियाई स्पर्धा भरवली, आणि पोनमुडी म्हणजे आपल्याच पश्चिम घाटाचं दक्षिणेकडचं टोक. आपण मात्र घाटात जातो ते धबधब्याखाली भिजायला आणि मक्याचं कणीस खायला.

जगात अशा वाटांना अवघडपणानुसार रंग देतात. ब्रिटनमधली पद्धत सोपी आहे: हिरवी, निळी, लाल, काळी. हिरवी म्हणजे रुंद, सपाटीची, कुणीही चालवावी अशी. ती आपल्याकडे जवळजवळ तयारच आहे. शिवारातली पाणंद, कालव्याच्या कडेचा मुरमाड रस्ता, पानशेत-वरसगावच्या, भाटघरच्या पाण्याकडेने जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटा. काटेरी झुडपं तोडली, दोन-चार ठिकाणी दगड बसवले, फाट्यावर पाटी लावली, की झालं. निळी वाट अरुंद, एका सायकलपुरती, पण चढ-उतार बेताचे. टेकडीच्या कमरेने जाणारी. लाल वाटेला दगड, आखूड वळणं, दम काढणारा चढ. काळी म्हणजे पायऱ्यांसारखे खडक आणि कातळाची धार. तिथे सायकल आणि स्वार दोघंही तयार लागतात.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. मोबाईलवर परदेशी रायडरच्या उड्या पाहायच्या आणि पहिल्याच रविवारी घाटवाटेच्या काळ्या दगडांवर सायकल घालायची. सोमवारी हात प्लास्टरमध्ये. म्हणून माझा आग्रह असा, की कुठल्याही गावाने पहिली वाट हिरवीच काढावी. एक आजोबा, एक नात आणि एक गिअर नसलेली सायकल जिथून हसत परत येतील, ती वाट जमली असं समजावं. काळ्या वाटेला घाई नाही. ती मागणारे थोडे असतात आणि ते ओरडून मागतात, एवढंच.

आता वाट काढायची कशी? इथे मावळातल्या माणसाने स्वतःला अडाणी समजण्याचं काहीच कारण नाही. डोंगरावरच्या वाटेचा खरा शत्रू सायकल नसून पाणी आहे. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला सासवडकडे सरकलं तर पाचशे-सहाशेवर भागतं. सरळ उतारावर काढलेली वाट पहिल्याच पावसात ओढा होते. त्यामुळे वाट डोंगराला आडवी, समपातळी रेषेच्या जवळून न्यायची. जगभरच्या वाटा बांधणाऱ्यांचा ढोबळ नियम असा: डोंगराला जेवढा उतार असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक चढ वाटेला नको. उतार तीस टक्के असेल तर वाट पंधराच्या आत, आणि एकूण सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास. वाटेची बाहेरची कड आतल्यापेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे पाणी आडवं वाहून निघून जातं. शिवाय ठरावीक अंतरावर उताराच्या मध्येच थोडा चढ द्यायचा. वाटेवरून धावत आलेलं पाणी तिथे अडतं आणि दरीकडे उतरतं. सायकलवाल्याला तो हेलकावा मजेचा वाटतो, ही वरकड कमाई.

समपातळी रेषा काढणं आपल्याला कोण शिकवणार? रोजगार हमीवर सलग समतल चर खणलेली माणसं गावोगावी आहेत. २०१६ ते २०१९ च्या उन्हाळ्यांत पाणी अडवण्याच्या 'वॉटर कप' स्पर्धेसाठी दुष्काळी तालुक्यांतल्या शेकडो गावांनी समपातळी दाखवणारा हायड्रोमार्कर हातात धरून डोंगर मोजले. कॉलेजची मुलं आणि साठीच्या आजी एकाच रांगेत घमेली सरकवत होत्या. चर पाणी अडवण्यासाठी आणि वाट पाणी सोडण्यासाठी, फरक एवढाच. उतार वाचण्याची नजर तीच आणि कुदळही तीच. एखाद्या गावाने त्या मंडळींना बोलावून एक दिवस शिबिर घेतलं, तर बाहेरच्या सल्लागाराला पैसे मोजायची वेळ येणार नाही.

डोंगर आपला म्हटला की त्याची पथ्यंही आपली. पावसाळ्यात वाट बंद. ओल्या मातीत टायर रुततो, त्याचा चर होतो, चराची घळ होते. सड्यांवर सायकल कधीही नाही. जांभ्याच्या पठारावर माती जेमतेम काही इंचांची असते आणि तिच्यातच कासच्या फुलांचं सगळं वैभव असतं. पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्या, त्यांत कासही आहे; तिथे टायरचा एक ओरखडासुद्धा आपल्या नावावर नको. देवराईला वळसा घाला. वनजमिनीवर वनखात्याची लेखी परवानगी असल्याशिवाय कुदळ मारू नका, आणि अभयारण्याचा हट्ट धरू नका. बाहेर डोंगर भरपूर आहेत. सूर्य मावळायच्या आत खाली या, नंतरची वेळ बिबट्याची आहे.

चालणाऱ्यांशी भांडणं होतील. पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांची तक्रार खोटी नाही; मागून न बोलता अंगावर येणारी सायकल कुणालाही नकोशी वाटते. खाली येणाऱ्याने वर चढणाऱ्याला वाट द्यायची, माणसाला आणि जनावराला आधी जाऊ द्यायचं, आणि हँडलला घंटा हवीच. धनगराची मेंढरं समोर आली तर उतरा आणि चार घटका बोला. त्या डोंगरात कुठे पाणी टिकतं आणि कुठे कडा ढासळतो, हे तुमच्या ॲपपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

आता जमिनीचं बोलू, कारण खरी मेख तिथेच आहे. या खोऱ्यांनी बाहेरच्यांच्या सोयीसाठी फार दिलं आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच आणि गावं पाण्याखाली गेली. त्यानंतर आले बंगले, फार्महाउस, तारेची कुंपणं. उद्या सायकलच्या वाटा गाजल्या, तर तिसरी लाटही येईल. टास्मानियातल्या डर्बी गावाकडे पाहा. कथिलाच्या खाणी बंद पडल्यावर ते ओस पडत चाललं होतं. २०१५ मध्ये तिथे डोंगरसायकलीच्या वाटा खुल्या झाल्या आणि जगभरचे सायकलवाले येऊ लागले. गाव उठलं हे खरं, पण घरांच्या किमतीही चढल्या आणि कित्येक घरं पाहुण्यांसाठी राखली गेली. आपण डर्बीचं यश घ्यावं आणि तो धडाही घ्यावा. वाटेकडेची जमीन विकू नका. पाहुण्यांची सोय आपल्या ओसरीवर करा, पिठलं-भाकरी आपल्या चुलीवरची वाढा, पंक्चर काढणारा पोरगा आपल्याच आळीतला असू द्या, आणि वाटेच्या देखभालीचे पैसे ग्रामपंचायतीच्या पावतीवर घ्या.

आणि मुलींना मागच्या रांगेत उभं करू नका. या डोंगरांत शाळेची बस चुकली की कच्च्या रस्त्याने दप्तर लावून सायकल हाकणाऱ्या मुली आधीपासून आहेत. त्यांना खेळाडू कुणी म्हटलं नाही, कारण त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा ती विशीची होती. तशी जिद्द वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीत नसेल असं म्हणायची छाती कुणाची आहे? पहिल्या हिरव्या वाटेवर पहिला मान त्यांना द्या, हेल्मेटसकट.

तर मुहूर्त सांगतो. २ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा असते. पाऊस ओसरलेला असतो आणि माती अजून मऊ असते, कुदळ सहज शिरते. त्या सभेत उठून उभे राहा आणि ठराव मांडा: अमुक पाणंदीपासून अमुक टेकडीपर्यंत दोन किलोमीटरची हिरवी सायकलवाट, श्रमदानाने, गावाच्या मालकीची, जून ते सप्टेंबर बंद. सोबत हाताने काढलेला नकाशा न्या. वनखात्याच्या जमिनीचा तुकडा मध्ये येत असेल तर अर्ज त्याच दिवशी लिहा, सह्या त्याच दिवशी घ्या. कोणी म्हणेल, आधी गावात रस्ता-पाणी होऊ द्या. त्यांच्याशी वाद घालू नका; त्यांच्या पाण्याच्या अर्जावरही सही करा आणि आपला कागद पुढे सरकवा. ठराव झाला की येणाऱ्या रविवारी सकाळी सात वाजता कुदळी, घमेली, पहारी आणि हायड्रोमार्कर घेऊन पाणंदीच्या तोंडाशी जमा. दिवाळीच्या सुट्टीत शहरातून भाचरं येतील. त्यांच्या जाड टायरच्या सायकली टेम्पोत टाकून आणायला सांगा.