स्ट्रायकर परत आला, पुढे काय?

कॅरम हा बसून खेळण्याचा खेळ आहे. हे वाक्य मुद्दाम लिहावे लागते, यातच सगळे आले. मंगळवेढ्यात मी संध्याकाळी ज्या मंडळाच्या खोलीत जातो, तिथे तो अर्धवट उभ्याने, एक पाय बाकावर रोवून आणि दातओठ खाऊन खेळला जातो. स्ट्रायकर सुटतो, समोरच्या चौकटीवर असा आदळतो की वर टांगलेला दिवा हलतो, आणि सोंगट्या थांबायच्या आत खेळाडूचे भाषण सुरू होते. "बगितला का? स्ट्रायकर कसा जागेवर परत आला!"

आला. कबूल. माझा प्रश्न एवढाच, की परत येऊन त्याने केले काय?

वाचकहो, जरा शांतपणे विचार करा. कॅरममध्ये सोंगटी गेली की पुढच्या खेपेला स्ट्रायकर आपण हाताने उचलतो आणि आपल्या पट्टीवर हवा तिथे ठेवतो. तो मधल्या वर्तुळात थांबलेला असो, समोरच्या भिडूच्या पुढ्यात असो, की मांजरासारखा आपल्या मांडीजवळ परत आलेला असो, उचलायचा तो उचलायचाच. म्हणजे ज्या पराक्रमासाठी मनगट दुखावले, बोर्ड हलला आणि शेजारच्याचा चहा सांडला, त्याची खेळातली किंमत शून्य. दोन बोटांनी होणाऱ्या कामासाठी एवढा दारूगोळा खर्च करणे, हे घरच्या माळ्यावरची बरणी काढायला अग्निशामक दल बोलावण्यासारखे आहे.

परत येण्याला खरी किंमत आहे ती बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल यांच्या टेबलावर. तिथे पांढरा चेंडू जिथे थांबेल, तिथूनच पुढचा फटका मारावा लागतो, म्हणून तो मागे ओढून आणण्याची विद्या आहे. काठीचे टोक चेंडूच्या मध्याच्या खाली लागले, की तो पुढे घसरताना उलटा फिरत असतो. समोरच्या चेंडूला सरळ भिडला, की पुढे जाण्याचा वेग त्याला देऊन टाकतो आणि उरलेल्या उलट्या फिरकीवर माघारी येतो. अंतर लांब असले तर टेबलावरचे कापड वाटेतच फिरकी खाऊन टाकते, म्हणून जोर लागतो. पण तिथेही चेंडू चार बोटे मागे हवा असताना चार फूट मागे आणणारा हुशार ठरत नाही. टाळ्या मात्र त्यालाच मिळतात, कारण टाळ्या वाजवणाऱ्यांना पुढचा फटका मारायचा नसतो.

कॅरममध्ये तर निसर्गच या मंडळींच्या विरुद्ध आहे. नियमाप्रमाणे स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत जड असतो आणि सोंगटी साधारण ५ ते साडेपाच ग्रॅम. जड वस्तू हलकीला सरळ जाऊन भिडली, की ती तिथे थांबत नाही. जवळजवळ निम्मा वेग तिच्याकडेच राहतो. म्हणजे तोफगोळ्यासारखा सरळ फटका मारला, की सोंगटी पॉकेटात जाते आणि तिला पोचवायला स्ट्रायकरही मागोमाग जातो. मग ड्यू! पॉकेट साडेचार सेंटिमीटरच्या आतले, सोंगटी तीनच्या थोडी वर. हळू आलेली सोंगटी कडेला जरा घासली तरी आत पडते. वेगाने आलेली तेवढ्याच चुकीला उसळून बाहेर येते. शिवाय वेग दुप्पट केला की सरपटण्याचे अंतर चौपट होते, त्यामुळे नेम हुकलेला फटका नुसता हुकत नाही, तो बोर्डभर हिंडून सगळ्यांच्या सोंगट्यांची विचारपूस करून येतो.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर तयार असते. "साहेब, तुमी बँकेतली मानसं. तुमाला जपून खेळायची सवय. गर्दी फोडायची तर दनका द्यावाच लागतो की!"

मान्य. मी काही कापसाने सोंगट्या ढकला असे म्हणत नाही. बोर्डाच्या मध्यभागी नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक क्वीन घट्ट बसलेल्या असतात, त्या फोडायला जोर हवा. आपली सोंगटी पट्टीच्या मागे जाऊन बसली, की समोरच्या चौकटीवरून रिबाउंड मारायला जोर हवा. पण फुटलेला बोर्ड हा दोघांचा असतो, हे दणकेवाल्यांच्या ध्यानातच येत नाही. आपण छाती फुगवून आपल्या तीन सोंगट्या मोकळ्या कराव्यात आणि त्याच फटक्यात समोरच्याच्या पाच मोकळ्या व्हाव्यात, हा कसला व्यवहार? कॉमर्सच्या पहिल्या वर्गातला पोरगासुद्धा हा ताळेबंद सही करून देणार नाही.

दुसरे उत्तर असते दडपणाचे. जोराचा फटका पाहून म्हणे समोरचा घाबरतो. मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, समोरचा घाबरत नाही. तो सोंगट्या मोजतो. बोर्ड संपल्यावर हरणाऱ्याच्या जेवढ्या सोंगट्या उरतील तेवढे गुण, आणि विजेत्याने क्वीन घेऊन कव्हर केली असेल तर तिचे तीन. आवाजाला गुण नाहीत, वेगाला नाहीत. "काय हानला बगा!" यालाही नाहीत. गुणांच्या वहीत त्यासाठी रकानाच आखलेला नाही.

बिलियर्ड्सच्या इतिहासात एक गंमत आहे. जुने व्यावसायिक खेळाडू तिन्ही चेंडू कुशनच्या कडेला एकमेकांजवळ आणून ठेवत आणि हलक्या टिचक्या मारीत शेकड्यांनी गुण करीत. याला नर्सरी कॅनन म्हणतात. चेंडू कूस बदलल्यासारखे हलत, आणि प्रेक्षकांना जांभया येत. शेवटी अशा कॅननवर नियमानेच मर्यादा घालावी लागली. जोरकस फटक्यांवर मर्यादा घालणारा नियम माझ्या पाहण्यात नाही. कायदा ज्याला घाबरतो, खरी ताकद त्यात असते, एवढे तरी यावरून समजावे.

पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा झाले. चेन्नईचे मारिया इरुदयम १९९१ साली दिल्लीत कॅरमचे जगज्जेते झाले. १९९६ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. नोंद राहिली ती या निकालांची. कुणाचा चेंडू किती फूट मागे आला आणि कुणाच्या स्ट्रायकरने दिवा हलवला, याचे दप्तर कोणी ठेवले नाही. ते दप्तर फक्त चहाच्या टपरीवर असते, आणि तिथे दर आठवड्याला आकडे वाढतात. गेल्या दिवाळीत एका रिबाउंडने दोन सोंगट्या गेल्या होत्या, त्या संक्रांतीपर्यंत चार झाल्या आणि पाडव्याला क्वीनही त्यात आली. एवढे व्याज आमची बँक देत नाही.

"आता बढाईनं कुनाचं काय जातंय? तेवढीच करमनूक!" असे म्हणणारे भले लोक असतात. त्यांच्याशीच माझे खरे भांडण आहे, कारण जाते. आमच्या मंडळात शिवणकामाच्या दुकानात बसणारा एक पोरगा यायचा. बोलणे बेताचे, आणि सुईत दोरा ओवावा तसा कट. एकेक सोंगटी अशी घ्यायचा, की पुढची आपोआप सोपी व्हायची. त्याचा फटका कुणाच्या लक्षात राहत नसे, कारण त्यात लक्षात राहण्यासारखे काही नसेच. लक्षात यायचे ते एवढेच, की बोर्ड संपला. गणपतीतल्या सामन्यांसाठी जोडी निवडायची वेळ आली, तेव्हा त्याचे नाव कुणाच्या तोंडी आले नाही. मी सुचवले, तर कार्यकर्ते म्हणाले, "तो व्हय? त्याचा हात लई हलका हाय हो." आणि ज्यांचा हात जड आणि जीभ त्याहून जड, ते दोघे गेले. पहिल्याच फेरीत तीन ड्यू देऊन परत आले, आणि परत येताना बोर्ड खराब होता, पावडर जास्त होती आणि पंच समोरच्यांचा पाहुणा होता, अशी तीन कारणेही घेऊन आले. तो पोरगा त्यानंतर खोलीत फारसा दिसला नाही.

बढाईने हे जाते. आपण ऐकतो, हसतो, मान डोलावतो, आणि नकळत आपला तराजू बिघडतो. ज्याच्या कामाचा आवाज नाही, त्याचे कामच नाही असे वाटू लागते. कॅरमच्या खोलीत जे होते, तेच कचेरीत, शाळेत आणि लग्नाच्या मांडवात होते. हिशेब जुळवणारा एका कोपऱ्यात, आणि फायलींचा गठ्ठा टेबलावर आपटणारा साहेबांच्या नजरेत.

आणि हे मंगळवेढ्यात व्हावे, याचे मला जास्त वाईट वाटते. हे दामाजीपंतांचे गाव. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे लोकांसाठी मोकळी केली, आणि त्या धान्याची सगळी रक्कम विठू महार होऊन आलेल्या प्रत्यक्ष पांडुरंगाने बिदरला भरली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. रोखीचा व्यवहार पाहणारा माणूस म्हणून मला त्या कथेतला एक तपशील फार आवडतो. देवाने पैसे भरले, रीतसर पावती घेतली, आणि तो निघून गेला. बिदरच्या चौकात थांबून "बगितलं का, कशी मोहरांची रास घातली!" असे तो म्हणाला नाही. एवढ्या मोठ्या फटक्यानंतर देव गप्प बसला, आणि आमचा भिडू एका रिबाउंडवर तीन महिने बोलतो.

तेव्हा माझी मंडळाकडे एक नम्र सूचना आहे. नियमात फार बदल नको. स्ट्रायकर पॉकेटात गेला की जसा ड्यू, तसाच आपल्या फटक्याची आपणच तारीफ केली की ड्यू. जिंकलेली एक सोंगटी मुकाट्याने मध्यभागी ठेवायची. "बगितला का?" म्हटले, एक. "असा मुंबईत बी कोन मारत न्हाई" म्हटले, दोन. जुन्या फटक्याची आठवण काढली, तर क्वीन परत.

पहिले काही दिवस एकही बोर्ड संपणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण खोलीत जरा शांतता होईल. तेवढ्या शांततेत सुईत दोरा ओवल्यासारखी एखादी सोंगटी पॉकेटात पडल्याचा बारीक आवाज कुणाला तरी ऐकू येईल, आणि पुढच्या गणपतीत जोडी निवडताना तो आवाज कुणाचा होता, हे निदान विचारले तरी जाईल.