‘स्टेटस’ची परतफेड

व्हॉट्सअॅपचा जन्म २००९मध्ये झाला, तो मुळी नावापुढे ‘कामात आहे’, ‘बॅटरी संपत आली’ अशी एखादी ओळ लिहिता यावी म्हणून. संदेशांची देवाणघेवाण नंतरची. फेब्रुवारी २०१७मध्ये कंपनीने ती ओळच हटवली आणि तेथे चोवीस तासांत नाहीशी होणारी छायाचित्रे व चित्रफिती आणल्या. जुने ठेवण्याचा पर्यायही दिला नाही. नातेवाईक, कार्यालय, शाळेचे गट सारे एकाच ठिकाणी गुंतलेले असताना रागावलेला ग्राहक जाणार कोठे, हा हिशेब अशा वेळी कंपन्यांच्या सोयीचा असतो. या खेपेस मात्र नाराजी इतकी पसरली, की मार्चमध्येच जुनी ओळ ‘अबाउट’ या नावाने परतली. अर्थात, नवे ‘स्टेटस’ही कायम राहिले.