धरणीकंपानंतरचा शब्द

२०१८ च्या नोव्हेंबर महिन्यापासून डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील भूमी जी हादरू लागली, ती पुढे कित्येक महिने, मधूनमधून विसावा घेत, पण त्या विसाव्याचा भरवसा कोणालाही न देता, हादरतच राहिली. धुंदलवाडीच्या परिसरातील पाड्यांवर माणसे थंडीच्या दिवसांत घराबाहेर, ताडपत्रीखाली आणि सरकारने पुरविलेल्या तंबूंत निजू लागली. मुलांचे वर्ग उघड्यावर भरू लागले. आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा भयभीत होऊन बाहेर धावलेल्या एका कुटुंबातील दोन वर्षांची बालिका प्राणास मुकली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापक यंत्रे बसविली, भेगाळलेल्या भिंतींचे पंचनामे झाले, तहसील कचेरीच्या दफ्तरात नुकसानीची नोंद झाली. परंतु जो प्रश्न कोणत्याही दफ्तरात नोंदला जात नाही, तो, म्हणजे हे आमच्याच वाट्याला का आले, हा प्रश्न त्या तंबूंतून रात्रीच्या रात्री जागत राहिला.

मी ख्रिस्ती आहे, आणि माझ्या धर्माकडे या प्रश्नाचे उत्तर आहे असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. किंबहुना संकटात मार्गदर्शन शोधणाऱ्या माणसाने सर्वप्रथम कोणापासून सावध राहावे असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन की ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर तयार आहे त्याच्यापासून. लूकच्या शुभवर्तमानात एक लहानसा प्रसंग आहे, ज्याकडे प्रवचनकारांचे लक्ष क्वचितच जाते. यरुशलेमेत शिलोहाजवळचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. त्या दुर्घटनेचा उल्लेख करून येशू ऐकणाऱ्यांनाच विचारतो, की ती अठरा माणसे नगरातील इतरांहून अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, आणि स्वतःच त्याचा स्पष्ट इन्कार करतो. कोसळलेल्या भिंतीखाली सापडलेल्या माणसाच्या पापपुण्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार त्याने त्या एका वाक्याने सर्वांच्या हातून काढून घेतला आहे. ज्यांच्या घरांना तडे गेले त्यांच्या दारात जाऊन देवाच्या कोपाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हा प्रसंग वाचावा.

तरीही मार्गदर्शन आहे, आणि त्याचे स्वरूप कसे असते हे मला जुन्या करारातील एलिया संदेष्ट्याच्या कथेत सर्वांत स्वच्छ दिसते. ईजबेल राणी जिवावर उठली असता एलिया रानात पळून गेला, एका झुडुपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. त्या वेळी त्याला उपदेश मिळाला नाही. त्याला झोप मिळाली, मग भाकरी आणि पाणी मिळाले, पुन्हा झोप आणि पुन्हा भाकरी मिळाली. खचलेल्या जिवाला आधी खाऊ घालावे आणि निजू द्यावे, हे शहाणपण ज्या ग्रंथात इतक्या साधेपणाने नोंदले गेले आहे, त्या ग्रंथावर माझी श्रद्धा त्या नोंदीमुळेच अधिक दृढ झाली आहे. पुढे होरेब डोंगरावर प्रचंड वारा सुटला, धरणीकंप झाला, अग्नी पेटला. परंतु परमेश्वर यांपैकी कशातही नव्हता, असे शास्त्रकार बजावून सांगतो. त्यानंतर जो मंद स्वर एलियाच्या कानी आला, त्यानेही झालेल्या उत्पाताचा खुलासा केला नाही. तू येथे काय करीत आहेस, एवढेच त्याने विचारले, आणि दिमिष्काच्या रानाच्या वाटेने परत जाऊन, नेमून दिलेल्या माणसांचा अभिषेक करण्याचे काम त्याच्या हाती सोपविले. दुःखाचे कारण विचारायला गेलेला माणूस दुसऱ्यांकडे धाडला गेला. ख्रिस्ती परंपरेत ज्याला मार्गदर्शन म्हणतात ते मला बहुतेक वेळा याच रूपात भेटले आहे.

आमच्या या किनाऱ्याला, संकटात श्रद्धा जपणे म्हणजे काय, हे शिकण्यासाठी ख्रिस्ती धर्माची वाट पाहावी लागली नव्हती, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. संजाणचा पाडाव झाल्यावर पारशी बांधवांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी बोर्डीजवळच्या बाहरोट डोंगरातील गुंफांत बारा वर्षे राखला, ही त्यांच्या परंपरेची आठवण डहाणूकरांच्याही अभिमानाचा विषय आहे. निर्वासितांनी डोंगरात विस्तव तेवत ठेवावा आणि भोवतालच्या मुलखाने त्यांना राहू द्यावे, याहून अधिक धर्म मला त्या प्रसंगात शोधावासा वाटत नाही.

परंतु मराठी ख्रिस्ती माणसापुढे या बाबतीत सर्वांत मोठे उदाहरण आहे ते पंडिता रमाबाईंचे, आणि त्यांच्याजवळ थोडे अधिक थांबणे मला आवश्यक वाटते, कारण त्यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात समाजसुधारक म्हणून वाचतो आणि त्यांच्या श्रद्धेचा भाग एखाद्या अवघड नातलगासारखा ओसरीवरच बसवून ठेवतो. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने दुष्काळात भटकत असता आई, वडील आणि थोरली बहीण यांना उपासमारीने खंगत मरताना पाहिले. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली, विवाहाला दोन वर्षेही झाली नसता, पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने वारले. आणि एक तान्ही मुलगी पदरात घेऊन ती विशीतली विधवा जगापुढे उभी राहिली. संस्कृत शास्त्रांचे एवढे ज्ञान क्वचितच कोणा स्त्रीच्या ठायी असेल, पण त्या ज्ञानात तिला स्वतःसारख्या स्त्रीसाठी दार सापडेना. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या भगिनीमठात असताना तिने लंडनमधील पतित स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयस्थान पाहिले, आणि इतरत्र जिला समाज दगड मारतो तिला येथे मायेने का वागविले जाते असे विचारता, शोमरोनी स्त्रीची कथा तिला वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर एकट्या आलेल्या, पाच नवरे होऊन गेलेल्या, परजातीच्या त्या स्त्रीकडे येशू पाणी मागतो आणि तिच्याशी ईश्वराच्या उपासनेविषयी बरोबरीच्या नात्याने बोलतो. रमाबाईंना मार्ग दिसला तो तेथे. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

यानंतरचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या भगिनींनी त्यांना ख्रिस्ताकडे आणले त्यांनीच, धर्मगुरूंच्या अधिकारापुढे मान तुकवावी, शंका विचारू नयेत, अशी अपेक्षा धरली. तेव्हा रमाबाईंनी दीर्घ पत्रव्यवहार करून, आदरपूर्वक पण निःसंदिग्धपणे कळविले, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेण्यास आपण तयार नाही. अनाथ, परदेशस्थ, परावलंबी अशा स्थितीत असलेल्या स्त्रीने आपल्या आश्रयदात्यांना हे लिहावे, यासाठी लागणारे धैर्य लहान नव्हते. संकटात सापडलेला माणूस आधारासाठी हात पुढे करतो तेव्हा त्याची विवेकबुद्धी गहाण ठेवून घेण्याचा मोह आधार देणाऱ्याला होतो. असा मोह धर्मसंस्थांना तर वारंवार होत आला आहे. रमाबाईंनी आधार स्वीकारला आणि बुद्धी गहाण ठेवली नाही. ज्याला विश्वासातून दिशा हवी आहे त्याने या दोन्ही गोष्टी एकत्र धरता येतात हे त्यांच्याकडून शिकावे.

आणि मग ती दिशा त्यांना कोठे घेऊन गेली? मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी विधवांसाठी शारदासदन उघडले गेले, ते पुढे पुण्यास गेले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा आपल्या बालपणीच्या भुकेची आठवण ज्यांच्या अस्थींत शिल्लक होती त्या रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया बरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेले, तंबू ठोकले, विहिरी खणल्या, आणि तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९९-१९०० साली गुजरातेत छप्पन्नचा (संवत १९५६ चा) दुष्काळ पडला तेव्हा त्या प्रांतातूनही मुली आल्या. आईबापांना भुकेने मरताना पाहिलेल्या मुलीने देवाला कारण विचारले असेल, नव्हे, नक्कीच विचारले असेल. परंतु तिला जे मिळाले ते कारण नव्हते. तिला दुसऱ्या दुष्काळातल्या दुसऱ्या मुली मिळाल्या. पुढे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर रमाबाईंनी केले, तेही अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशा मराठीत, आणि त्याच्या छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या, भाषांतर पुरे करून.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या दिवसाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जे एकटेपण आणले तेही येथे विसरता येत नाही. पतीच्या श्रद्धेने ज्यांचे घर मोडले, त्यांनी १९०० साली स्वतःच्या विचाराने त्याच श्रद्धेचा स्वीकार केला, आणि मधल्या वर्षांचे दुःख आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात कोठेही झाकून ठेवले नाही. एकाचे मार्गदर्शन दुसऱ्यासाठी संकट होऊ शकते, ही जाणीव ज्या धर्मप्रसारकाला नाही त्याने लक्ष्मीबाई पुन्हा वाचाव्यात.

आता घराजवळचे. विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूस आलेल्या अमेरिकन ब्रेदरन मिशनने येथे दवाखाना चालविला, तलासरीत जेझुइटांनी शाळा चालविली, आणि ज्या रानात औषध व पाटी दोन्ही दुर्मिळ होती तेथे ही कामे फार मोठी होती. परंतु इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर हेही मान्य केले पाहिजे, की वारली बांधवांच्या मानेवरील वेठबिगारीचे ओझे उतरविण्याची हाक २३ मे १९४५ रोजी तलासरीतील झरी येथे भरलेल्या सभेने दिली, आणि ती सभा लाल बावट्याखाली, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली भरली होती. मिसर देशातील गुलामांच्या सुटकेची कथा ज्यांच्या धर्मग्रंथाच्या प्रारंभी आहे त्यांनी ही हाक आधी द्यायला हवी होती. आमच्याच पालघर जिल्ह्यातील वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढच्या काळात ही उणीव आपल्या परीने भरून काढली; हरित वसईच्या चळवळीत पाणी, झाडे आणि विहिरी यांच्या रक्षणासाठी उभे राहताना, दडपण आणि धमक्या यांच्या काळात, त्यांनी व्यासपीठ आणि वेदी यांत अंतर मानले नाही. 'सुबोध बायबल' लिहिणारा आणि टँकरवाल्यांशी झगडणारा हा एकच माणूस होता.

म्हणूनच अलीकडे आमच्या भागात संकटग्रस्तांना चमत्काराचे आश्वासन देणाऱ्या ज्या सभा भरतात त्यांविषयी मला तीव्र दुःख होते. प्रार्थनेने मनाला बळ येते, आजाऱ्याला धीर येतो, याचा अनुभव मला आहे आणि मी तो नाकारणार नाही. परंतु औषध थांबवा, केवळ विश्वास ठेवा, आणि बरे वाटले नाही तर तुमचा विश्वास उणा पडला, असे जेथे सांगितले जाते, तेथे शिलोहाच्या बुरुजाखालच्या अठरा जणांना पुन्हा एकदा पापी ठरविले जाते. यामुळे श्रद्धेच्या विरोधकांच्या हाती कोलीत मिळते ही गोष्ट गौण आहे. गरीब माणसाला त्याच्या आजाराबरोबर अपराधीपणाचेही ओझे वाहावे लागते, हे मला असह्य होते.

कोणी म्हणेल, मग ख्रिस्ताची गरज काय, हे तर शुद्ध समाजकार्य झाले. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे माझे उत्तर गेथशेमाने बागेत आहे. तेथे येशूने आपल्यापुढचा दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली आणि ती मान्य झाली नाही. त्याने आपल्या मित्रांना केवळ घटकाभर जागे राहण्याची विनंती केली आणि ते झोपी गेले. ज्याची प्रार्थना नाकारली गेली आणि ज्याचे मित्र झोपले, त्याची उपासना करणाऱ्याला, तंबूत जागणाऱ्या माणसाला काय म्हणावे हे सुचले नाही तरी, त्याच्याजवळ बसून राहण्याची लाज वाटत नाही. समाजकार्य करणारा थकतो तेव्हा काम थांबवू शकतो, आणि त्यात दोष नाही; परंतु निष्फळ ठरलेल्या प्रार्थनेच्या जागीही देव आहे असे ज्याला मनापासून वाटते, तो निष्फळ दिसणाऱ्या कामाजवळही टिकून राहतो. स्तोत्रसंहितेतील कित्येक स्तोत्रे तक्रारीची आहेत, काही तर तक्रारीतच संपतात. मंडळीच्या उपासनेत ती उघडपणे वाचली जातात. देवापाशी गाऱ्हाणे मांडण्याची अशी वहिवाट ज्या धर्मात आहे, त्याच्या अनुयायांनी दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकताना घाई करू नये.

असे एक गाऱ्हाणे आमच्या किनाऱ्यावरच आहे. तलासरी तालुक्याच्या समुद्राकडील टोकाला झाई हे गाव आहे, आणि तिच्या पलीकडे गुजरातची हद्द सुरू होते. या किनाऱ्यावरील खलाशी पोरबंदर, ओखा येथील बोटींवर कामाला जातात, आणि समुद्रातील अदृश्य सीमारेषा ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांपैकी काहींना पाकिस्तानी सुरक्षा यंत्रणा पकडून कराचीच्या मलीर तुरुंगात ठेवते. शिक्षेची मुदत संपली तरी सुटका लांबते. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीस आणि १ जुलैस आपल्या कैदेतील नागरिकांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि किनाऱ्यावरील घरांतल्या बायका त्या दोन तारखांवर वर्ष मोजतात. ख्रिस्ताचे पहिले शिष्य जाळी धुणारे कोळी होते, हे आम्ही प्रवचनांत फार आवडीने सांगतो. डहाणू-तलासरीतील मंडळ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी अशा घरांची यादी करावी, मग ती घरे कोणत्याही धर्माची असोत. मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे करावयाचे अर्ज त्या बायकांना लिहून द्यावेत, त्यांच्याबरोबर पालघरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत जावे, रखडलेल्या कागदाचा पाठपुरावा करावा, आणि घरधनी परत येईपर्यंत मुलांची शाळा सुटणार नाही एवढी वर्गणी आपल्या रविवारच्या दानातून बाजूला ठेवावी. हे काम करताना धर्मांतराचा शब्दही काढू नये, आणि प्रार्थना करायची झाली तर त्या घराने मागितली तरच करावी.