शेतकऱ्याचा वाडा मोजून तरी घ्या!

मला एक कळत नाही. चिंचवडचा चापेकर वाडा आपण स्मारक म्हणून जपला. उत्तमच केलं. १८९७ साली रँडला मारणाऱ्या भावांचं घर ते. पण ज्या घरातून कुणी फासावर गेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या नुसती शेती झाली, त्या घराला वारसा म्हणायचंच नाही का?

आमच्या जुन्या सांगवीसारख्या गावठाणांतली ही घरं आठवून बघा. शेत काळीत, घर पांढरीत. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. दिवसभराचं ऊन त्या भिंतींतच अडायचं. मधला चौक गरम हवा वर सोडायचा आणि सोप्याला उजेड द्यायचा. धान्य बळदात, गुरं नि औतं दाराशी. शेतीचं सगळ्यात मोठं अवजार म्हणजे हे घर!

कुणी म्हणेल, "राहून बघा त्या अंधारात." मान्य. चुलीच्या धुराने बायकांचे डोळे गेले, तेही खरं. दहा वारसांचा वाडा एकाने पदरमोड करून सांभाळावा, असंही मी म्हणणार नाही. १९८२ साली महापालिका झाली, हळूहळू शेती गेली. पाडा बापडे.

पण आधी मोजा तरी! पाडकामाच्या परवानगीलाच नकाशा, छेद आणि फोटोंची अट घाला. आर्किटेक्चरची मुलं आनंदाने करतील हे काम. नाहीतर वाडा म्हणजे मटण थाळी मिळते ती जागा, एवढंच आपल्या नातवंडांना ठाऊक राहील.